दोन्ही डावे

माझी ताई डूख धरणारी आहे. लहानपणी मी तिची रंगपेटी न विचारता घेतली तेव्हा ती मला एक शब्द बोलली नाही. पण नंतर कितीतरी दिवस माझी रिबीन शाळेला निघायच्या वेळी हरवायची आणि संध्याकाळी जागच्या जागी सापडायची. आमच्या घरात रागाची वाटणीच तशी झाली होती, माझा तोंडात आणि तिचा पोटात. आई म्हणायची, धाकटीचा राग दुधासारखा उतू जातो, ओटा पुसला की संपलं. थोरलीचा मात्र मुरत बसतो, आणि कुठं मुरतोय ते कळतही नाही.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही तिला उगाच बिचारी म्हणणार नाही. तिनं जे केलं ते ठरवून केलं. ज्याच्यावर केलं तो त्याच लायकीचा होता, आणि माझं आजही तेच मत आहे.

आमचे बाबा पोती भरायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात मिलिंग मशीनवर होते. मशीन खाली, शेडमध्ये. डिझाइनवाले वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला, काचेमागं. वरून ड्रॉइंग यायचं आणि त्याबरहुकूम बाबा लोखंड कापायचे. उभा जन्म त्यांचा दुसऱ्यांनी काढलेल्या रेघांवर गेला. ताईला डिप्लोमा झाल्यावर तिथंच, वरच्या खोलीत, डिझाइन विभागात अप्रेंटिस म्हणून घेतलं, तेव्हा बाबा हात धुताधुता एवढंच म्हणाले, "मी रिटायर व्हायच्या आत एकदा तुझ्या नावाचं ड्रॉइंग माझ्या मशीनवर यावं. मग मी सुटलो." असं काही मागणारा माणूस नव्हे तो. त्यामुळं ते वाक्य ताईनं गाठीला बांधून ठेवलं.

आता हे नाव कुठं असतं ते सांगते. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात कोणी काढलं आणि कोणी तपासलं, त्यांची नावं पडतात. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. मोठ्या फळीवर ट्रेसिंगचा पातळ कागद ताणून शाईनं रेघा मारायच्या, आणि चूक झाली तर दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं ती शाई हळूच खरवडून काढायची. खरवडलेल्या जागेवर नख घासायचं, म्हणजे पुन्हा लिहिताना शाई फुटत नाही. हे काम सगळेच करायचे. पण विभागप्रमुखाला सगळे पाठीमागं 'ब्लेड' म्हणायचे, त्याचं कारण वेगळं होतं.

ताईनं पहिलं ड्रॉइंग पुरं केलं, साधं झाकण होतं एक. कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव घातलं आणि ते ब्लेडच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यानं काडेपेटीतून अर्धी ब्लेड काढली. ताईला वाटलं, एखादी रेघ चुकली असेल. तो तिच्याशी आपल्या दाढदुखीबद्दल बोलत राहिला आणि बोलता बोलता तिचं नाव खरवडून टाकलं. नख घासलं. वर स्वतःचं नाव घातलं. काढणारा तो आणि तपासणाराही तोच, आपला हात जगन्नाथ. ताई बघतच राहिली, तेव्हा म्हणाला, "शिकाऊ पोरांचं नाव पडलं की खालची माणसं ड्रॉइंगला किंमत देत नाहीत. तू रेघा मारायला आलीस. डोकं मी लावतो."

डोकं तो लावत होता म्हणे. पोतं भरताना तोंडाशी धरून ठेवणारा चिमटा सुटायचा आणि सगळा माल खाली सांडायचा. त्यावर हा माणूस कितीतरी दिवस नुसता पेन्सिलीला टोक काढत बसला होता. ताईनं दोन दिवस खाली मशीनपाशी उभं राहून बघितलं आणि चिमट्याचा दात उलटा वळवला. पोतं जड झालं की पकड आपोआप घट्ट. मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, शेजारच्या आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आले, ब्लेडची पाठ थोपटली आणि सगळ्यांना चहा सांगितला. तो चहा कोणी वाटला? ताईनं. ब्लेडनं कप घेताना तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, साखर कमी आहे.

घरी आल्यावर बाबा रोज विचारायचे, "आज काय काढलंस?" ती सांगायची, आज पट्टी काढली, आज कप्पी काढली. नावाचं बाबा कधी विचारायचे नाहीत आणि ते विचारत नाहीत याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. त्यांच्या रिटायरमेंटला जेमतेम वर्ष उरलं होतं. माझं रक्त उकळायचं. मी म्हटलं, "जा आणि शाईची बाटली ओत त्याच्या टाळक्यावर."

ताई भांडी पुसत होती. म्हणाली, "शाई धुतली जाते."

त्या दिवशी मला कळलं की हिच्या पोटात शिजायला लागलंय. मग ती त्याच्यावर नजर ठेवून राहिली. तो कधी येतो, काय बघतो, काय बघत नाही. सुरुवातीला तो तिच्या ड्रॉइंगची मापं निदान वरवर तरी चाळायचा. हळूहळू तेही सोडलं. पोरीचा हात चोख आहे हे त्याला कळलं होतं. आता ड्रॉइंग टेबलावर आलं की त्याचे डोळे थेट कोपऱ्यात जायचे, नाव खरवडायचं, नाव घालायचं, की निघाला कागद खाली. चोराला सवय लागली की तो दार लोटून बघायचंही सोडतो. ताईला तेवढंच हवं होतं.

एक दिवस गच्चीवर कपडे काढताना तिनं मला बेत सांगितला. यंत्राला दोन्ही बाजूंना एकेक ब्रॅकेट लागतो, एक डावा, एक उजवा. दिसायला सारखे, पण एकमेकांच्या उलट, पायातल्या चपलांसारखे. डिझाइनवाले दोन्ही काढत बसत नाहीत. डावा काढायचा आणि खाली एक ओळ लिहायची: 'डावा दाखवला आहे, उजवा याच्या उलट.' ती ओळ नसली तर सगळे डावेच बनणार.

"ती ओळ मी लिहिणार नाही," ताई म्हणाली.

"आणि मग?"

"मग काय. ड्रॉइंग बाबांकडं जाईल. आणि बाबा वर येतील."

मी चादर हातात घेऊन हसत सुटले. कारण आमचे बाबा म्हणजे डिझाइनवाल्यांच्या कपाळाची आठी. ड्रॉइंगमध्ये एक माप कमी असलं की कागद घेऊन जिना चढायचे. त्यांच्या बुटांचा आवाज आला की वरचे दोघे-तिघे हटकून संडासात जायचे. शेडमध्ये घुमणाऱ्या आवाजात बोलायची सवय झालेली, त्यामुळं त्यांनी विचारलेला साधा प्रश्नही काचेच्या खोलीत साहेबांना ऐकू जायचा. म्हणजे बाबा वर येणार, कागद नाचवत विचारणार, एका माणसाला दोन्ही पाय डावे असतात का, हे कोणी काढलं? कोपऱ्यात नाव ब्लेडचं. त्याला सगळ्यांदेखत सांगावं लागणार की मी काढलं. बाबांना काही माहीत नसणार. ज्या माणसाला तिचं नाव दिसावं म्हणून ती झुरत होती, त्याच्याच तोंडून ब्लेडची अब्रू निघणार. आणि लोखंडाला टवकासुद्धा उडणार नाही.

मला तर हा बेत इतका आवडला की मी त्या रात्री दोन घास जास्त खाल्ले.

ताईनं तो ब्रॅकेट मन लावून काढला. ती म्हणते, इतकं देखणं ड्रॉइंग तिनं आधी काढलं नव्हतं. सगळी मापं चोख, रेघा केसासारख्या, फक्त खालची ओळ नाही. कोपऱ्यात नेहमीसारखं स्वतःचं नाव घातलं, नाहीतर त्याला संशय आला असता. ब्लेडनं काडेपेटी उघडली. ताई समोर उभी राहून ती खरखर ऐकत होती आणि पहिल्यांदाच तिला ती गोड लागली. त्यानं दोन्ही रकान्यांत आपलं नाव घातलं, शाईवर फुंकर मारली आणि कागद खाली धाडला.

मग ती जिन्याकडं कान लावून बसली. कोणी चढलं की तिचं पेन थांबायचं. कधी शिपाई असायचा, कधी स्टोअरवाला. बाबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. घरी बाबा नेहमीसारखे जेवले, उलट खुशीतच होते. तिला वाटलं, काम दुसऱ्या मशीनवर गेलं असेल, तिथून कोणीतरी विचारायला येईल. बाबांना विचारावं तर बेत फुटणार. मीही म्हटलं, धीर धर, सापळा लावला की उंदराला हाका मारायच्या नसतात.

आवाज आला तो जोडणीच्या खात्यातून. तिथल्या फिटरनं यंत्राच्या डाव्या अंगाला ब्रॅकेट बसवला, दुसरा उजव्या अंगाला धरला, उलटा केला, सुलटा केला आणि मदतनिसाला म्हणाला, "पेटीतला दुसरा दे." मग तिसरा. मग त्यानं सगळी पेटीच जमिनीवर पालथी केली. सगळे डावे. त्या खेपेच्या सगळ्या यंत्रांचे ब्रॅकेट कापून, भोकं पाडून, घासून तयार होते आणि त्यातले निम्मे भंगार.

काम बाबांच्याच मशीनवर झालं होतं.

साहेबांनी काचेच्या खोलीत ब्लेडला आणि बाबांना बोलावलं. ताई बाहेर फळीशी उभी. तोंडं हलताना दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. ब्लेड हातवारे करत होता. बाबांनी टोपी काढून हातात धरली होती आणि ते मान हलवत होते. हो, हो, अशी. ताईला काही समजेना. ज्या माणसानं वर येऊन आरडाओरडा करायचा, तो मान का हलवतोय?

नंतर सगळं कळलं. ब्लेड म्हणाला होता, ओळ एक राहिली असेल, माणूस आहे, राहते. पण उभा जन्म मशीनवर काढलेल्या माणसाला डावं-उजवं कळू नये? आणि एरवी शिंकेला परवानगी विचारायला वर येणारा हा गृहस्थ नेमका याच वेळी कसा गप्प बसला? त्यावर आमचे बाबा म्हणाले, "बरोबर आहे साहेब. मी विचारायला हवं होतं. चूक माझी."

त्यांना मशीनवरून काढून हत्यारं देण्याच्या खिडकीत बसवलं. काल आलेली पोरं त्यांच्याकडं पाना मागायला येणार आणि बाबा तो वहीत लिहून देणार.

त्या संध्याकाळी मी तोंड सोडलं. बाबांवरच. म्हटलं, "एवढ्या-तेवढ्याला जिना चढता आणि याच वेळी पायाला मुंग्या आल्या होत्या का तुमच्या? त्या हरामखोराच्या नावाचा कागद होता, त्याची चूक तुम्ही का गिळलीत?"

आई म्हणाली, "जीभ आवर."

बाबा चिडले नाहीत. टॉवेलनं एकेक बोट पुसत म्हणाले, "त्याचा कुठला? पोरीनं काढलेलं होतं ते. फोरमननं विचारलं होतं मला, उजवा कुठाय म्हणून. मी म्हटलं, आमच्या पोरीचं ड्रॉइंग आहे, तिनं लिहिलं नाही म्हणजे नसेल उजवा. बरोबरच असणार."

ताईनं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं माझं आहे ते?"

"तू इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ मारतेस. तेलकट कागदावर सात आणि एकाची गल्लत होऊ नये म्हणून मीच शिकवली होती तुला. वर दुसरं कोणी मारत नाही." मग जरा हसले. "पहिल्या झाकणापासून ओळखतोय. कप्पी, पट्टी, तो पोत्याचा चिमटा, सगळी तुझी. तुझा कागद आला की मी आधी हात धुऊन येतो. शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे."

म्हणजे ज्यासाठी ती वर्षभर आतल्या आत जळत होती, ते बाबांना कधीच मिळालं होतं. नाव नव्हतं, पण त्यांना नावाची गरजच पडली नव्हती. ताईच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

बाबांना वाटलं ती चुकीमुळं रडवेली झालीय. म्हणाले, "होतं गं असं. घाईत एखादी ओळ राहते. तू वर काही बोलू नकोस, तुझं वर्ष वाया जाईल. माझं काय, थोडेच दिवस राहिलेत."

त्यांना तसंच वाटू दिलं असतं तर? मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, गप्प बस, गप्प बस म्हणून. पण ताई म्हणाली, "राहिली नाही बाबा. मी लिहिली नाही." आणि तिनं सगळं सांगितलं. ब्लेड, काडेपेटी, चहा, आणि तुम्ही वर याल म्हणून मी वाट बघत होते, हेही.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, त्यांचं ओरडणं आम्हाला सवयीचं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "त्याच्यावर राग होता तर त्याच्या कानाखाली वाजवायची. मी आलो असतो सोडवायला. त्या लोखंडानं तुझं काय घोडं मारलं होतं?" टॉवेल दोरीवर टाकला आणि आत गेले.

सकाळी ताई सरळ काचेच्या खोलीत शिरली आणि साहेबांना म्हणाली, ड्रॉइंग मी काढलं, ओळ मी मुद्दाम गाळली, बाबांचा संबंध नाही. साहेबांनी ब्लेडला हाक मारली. आता बघा गंमत. मी काढलं म्हणावं तर भंगार त्याच्या गळ्यात. हिनं काढलं म्हणावं तर मग कोपऱ्यात त्याचं नाव काय करत होतं? इकडं आड, तिकडं विहीर. त्यानं क्षणभर विचार केला आणि विहिरीत उडी घेतली. "हिनंच काढलं साहेब. सगळं हिचं आहे."

साहेब म्हणाले, "मग नाव बरोबर करा. इथंच."

ट्रेसिंग मागवलं. ब्लेडनं काडेपेटीतून ब्लेड काढली आणि साहेबांच्या टेबलावर वाकून, काचेपलीकडून अख्खा विभाग बघत असताना, स्वतःचं नाव खरवडलं. एकाच जागी दोनदा खरवडल्यानं कागद फाटला. मागून चिकटपट्टी लावून त्याला ताईचं नाव आपल्या हातानं लिहावं लागलं. मला हा प्रसंग तिनं निदान दहा वेळा सांगितलाय आणि मी प्रत्येक वेळी पुन्हा सांगायला लावलाय. त्या कारखान्यात तिच्या नावाचं ते एकच ड्रॉइंग. तेही चुकीचं.

ताईला त्याच दिवशी काढलं, प्रमाणपत्र न देता. बाबांना मशीन परत मिळालं. ब्लेड राहिला, असले लोक राहतातच. पण त्यानंतर तो कागद घेऊन गेला की साहेब न चुकता विचारायचे, "हे तुम्ही काढलंय, की नाव तुमचं आहे?" सगळ्यांसमोर, तो रिटायर होईपर्यंत. पोरांची नावं खरवडायची त्याची पुन्हा छाती झाली नाही. मला विचाराल तर हे कमीच झालं. तो आजही बाजारात काठी टेकत दिसतो आणि मी मुद्दाम त्याच्या समोरून जाते, नमस्कार न करता.

ताईला एका पंपवाल्यानं ठेवून घेतलं. छोटं वर्कशॉप, मालकच फोरमन आणि मालकच हमाल. आधीची नोकरी का सुटली विचारलं, तेव्हा तिनं खरं सांगितलं. तो म्हणाला, "इथं असलं काही केलंस तर तो पंप तुझ्याच गळ्यात बांधीन." पण फळी दिली, शाई दिली, आणि पहिल्या दिवसापासून कोपरा तिचा. तिथून तिचं खरं डिझाइन सुरू झालं. आज तिच्या हाताखाली माणसं आहेत.

घरात बाबा तिच्याशी नेहमीसारखे बोलायचे. बाजारातून काही आणू का विचारायचे, तिच्या सायकलची चेन लावून द्यायचे. फक्त संध्याकाळी "आज काय काढलंस" हे विचारणं बंद झालं.

बाबा रिटायर झाल्यावर एका रविवारी तिनं अख्ख्या पंपाचं पहिलं ड्रॉइंग गुंडाळून घरी आणलं. टेबलावर पसरलं. कोपऱ्यात तिचं नाव, छापल्यासारखं स्पष्ट, दुसऱ्या कोणाचा हात न लागलेलं. आई हात पुसत बघायला आली, मी कागदाच्या दोन टोकांवर वाट्या ठेवल्या. बाबांनी चष्मा लावला. कोपऱ्याकडं त्यांचे डोळे गेले नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, वर्तमानपत्राचा एक तुकडा ओढून घेतला आणि डावीकडच्या पहिल्या मापापासून बेरीज मांडायला लागले. एक ओळ झाली की दुसरी. प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीचं टोक टेकवून.

आम्ही तिघी उभ्या होतो. बऱ्याच वेळानं ताई म्हणाली, "बाबा, बरोबर आहे ते."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "असेल. बघू दे."